धंद्यांची जंत्री आणि लेखक

कथालेखकाची ओळख करून देतांना त्यानें पूर्वी केलेल्या उद्योगांची जंत्री द्यावयाची, ही प्रथा हल्लीं फार बोकाळली आहे. अमक्यानें हमाली केली, तमक्यानें हॉटेलांत कपबशा विसळल्या, आणि मग एके दिवशीं हातीं लेखणी धरली! आमचे सुशिक्षित वाचक ही जंत्री वाचून क्षणभर हळहळतात, आणि 'मनांत आणलें तर मनुष्य स्वतःला कितीहि वेळां नव्यानें घडवूं शकतो' असा बोध काढून मोकळे होतात. हा बोध खोटा तर आहेच, पण अन्यायाचाहि आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दूर कशाला, नाशिकचींच दोन माणसें घेऊं. वि. वा. शिरवाडकर तारुण्यांत येथील गोदावरी सिनेटोनमध्यें होते. १९३४ सालच्या 'सती सुलोचना' चित्रपटांत त्यांनीं लक्ष्मणाची भूमिका केली. पुढें वृत्तपत्रांत नोकऱ्या केल्या. हा मार्ग कांहीं सुखाचा नव्हता. परंतु 'कुसुमाग्रज' हें दुसरें नांव त्यांनीं घेतलें तें धाकट्या बहिणीवरील मायेनें. कोणाच्या भीतीनें नव्हे.

दुसरे बाबूराव बागूल. जन्म १९३० सालीं नाशिकजवळच्या विहितगांवीं, दलित कुटुंबांत. लहानपणींच ते मुंबईस माटुंगा लेबर कँपांत मावशीकडे गेले. मॅट्रिकनंतर पोटासाठीं मिळेल तें काम केलें. सुरतेस रेल्वेंत नोकरी लागली. पण राहावयास खोली मिळावी म्हणून त्यांस जात लपवावी लागली, आणि तें असह्य होऊन त्यांनीं नोकरीच सोडली. १९६३ सालीं त्यांचा पहिला कथासंग्रह निघाला, त्याचें नांवच 'जेव्हा मी जात चोरली होती'. याला 'स्वतःला नव्यानें घडविणें' म्हणावयाचें काय? ज्याला नोकरी टिकविण्यासाठीं स्वतःलाच पुसून टाकावें लागतें, त्याच्या धंदेबदलास हौसेचें नांव देणें ही शुद्ध क्रूरता होय.

यावर कोणी म्हणेल कीं, हे हाल झाले नसते तर त्या कथा तरी कोठून आल्या असत्या? हा युक्तिवाद वरवर रसिकतेचा, पण आंतून आळसाचा आहे. हालांनीं लेखक होत असते, तर लेबर कँपांतील प्रत्येक बिऱ्हाडांतून एकेक ग्रंथकार निघाला असता. हाल बहुतेकांची वाचा बंद करतात. बागुलांची वाचा शाबूत राहिली ती त्यांच्या वाचनानें, त्या वस्तींत खेळणाऱ्या आंबेडकरी व साम्यवादी विचारांच्या वाऱ्यानें, आणि दिवसभराच्या श्रमांनंतरहि कागदापुढें बसण्याच्या त्यांच्या निग्रहानें. श्रेय द्यावयाचें तर या गोष्टींस द्यावें. उपासमारीस देऊं नये. 'मरण स्वस्त होत आहे' या १९६९ च्या संग्रहांतील मुंबई ज्यानें वाचली, त्याला हें निराळें सांगावयास नको.

अनुभवाचें मोल आम्ही नाकारीत नाहीं. चार धंदे आपखुषीनें करून पाहणाऱ्या तरुणानें ते खुशाल करावे, त्यांतून कादंबरीहि लिहावी. आमचा आक्षेप इतकाच, कीं निवड आणि सक्ति यांना एकाच मापानें मोजूं नये.

२००७ सालीं कुसुमाग्रज प्रतिष्ठाननें बागुलांस 'जनस्थान' पुरस्कार दिला. पुढच्याच वर्षीं ते नाशिक येथें वारले. एका नाशिककर लेखकाच्या नांवानें चालणाऱ्या संस्थेनें दुसऱ्याचा केलेला तो गौरव उचितच होता. पण टाळ्या वाजविणें सोपें असतें. आपल्या घरची एखादी खोली रिकामी असेल आणि ती भाड्यानें मागावयास उद्यां कोणी होतकरू तरुण दाराशीं येईल, तेव्हां आपण त्याला काय काय विचारतों, हें आमच्या वाचकांनीं आपल्याशींच तपासून पाहावें. त्याच्या उद्योगांची जंत्री विचारण्यास हरकत नाहीं. आडनांवावरून त्याची जात काढणें मात्र सोडून द्यावें. बागुलांच्या कथा वाचल्याचा तेवढा तरी पुरावा आपल्या हातून घडावा.