मंगळही हादरतो, हिंगोलीही. मग फरक काय?

१० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्याला ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला. नांदेड, परभणीतही तो जाणवला. ४ मे २०२२ रोजी नासाच्या ‘इनसाइट’ यानाने मंगळावर ४.७ तीव्रतेचा धक्का नोंदवला होता.

खडक एकच : दोन्हीकडे बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण. मराठवाड्यातला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. ऊन-पावसाने त्याची काळी माती झाली. त्यात आज वसमतची हळद पिकते. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे पृष्ठभागावर पाणी टिकत नाही. तिथे उरली गंजलेल्या लोहाची तांबडी धूळ.

कारणे वेगळी : पृथ्वीचे कवच तुकड्यातुकड्यांचे आहे. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकतो आणि ताण जुन्या भेगांत साठतो. मंगळाचे कवच मात्र अखंड. तो ग्रह आतून थंड होत आकसतो, तेव्हा खडकाला तडे जातात.

धडा काय? मंगळावर एकाच भूकंपमापकाने चार वर्षांत १,३०० हून अधिक धक्के टिपले, त्यातून ग्रहाच्या गाभ्याचा आकार कळला. पण तिथे कोसळायला घर नाही, इथे आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दगड-मातीच्या जड भिंतींखालीच माणसे गाडली गेली. कळमनुरी, वसमतच्या गावांतील धक्क्यांची तीव्रता काही मिनिटांत मोबाइलवर कळते. घराची भिंत तो धक्का सोसेल का, हे मात्र मोबाइल सांगत नाही. त्यासाठी प्रशासनाने गावोगावी जुन्या घरांची तपासणी हाती घ्यायला हवी. पुढच्या धक्क्याची वाट न पाहता.