भंगारात काढण्याआधी

मैत्रिणींनो, मिक्सर बंद पडला की आपण काय करतो? आधी प्लग बघतो, मग दुसऱ्या सॉकेटला लावून बघतो, मग भांडं नीट बसलंय का ते. संगणक अडला की मात्र हात मागे घेतो आणि म्हणतो, ‘मुलाला येऊ दे.’ हे मला पटत नाही.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांना चालत नाही. त्यामुळे धडधाकट संगणकही अडगळीत जाताहेत. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेला असाच एक देणगीत मिळाला. दुरुस्तीवाले म्हणाले, ‘ताई, नवीनच घ्या.’ पैसे कुठून आणायचे? मुली तर फॉर्म भरायला सायबर कॅफेत ताटकळत होत्या. शेवटी लिनक्स मिंटची हलकी ‘एक्सएफसीई’ आवृत्ती घालायचं ठरवलं. ती फुकट मिळते आणि दोन जीबी मेमरीवरही चालते.

अडचणी आल्याच. पेनड्राइव्ह लावला तरी जुनं विंडोजच सुरू होई. म्हणून बायॉसमध्ये जाऊन पेनड्राइव्हला पहिला क्रमांक दिला. दुसऱ्या दिवशी तो बदल गायब! तारीखही कित्येक वर्षं मागे गेलेली. म्हणजे मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. सीआर २०३२ म्हणून मागितली की ती मिळते. प्लग काढून ती बदलली. मग पडदा काळाच राहू लागला. सुरुवातीच्या यादीतला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडला आणि चित्र आलं. एका वेळी एकच बदल करायचा आणि वहीत लिहून ठेवायचा, एवढा नियम आम्ही पाळला.

एक सांगते, लिनक्स घालताना पूर्ण डिस्क पुसायचा पर्याय निवडला, तर जुने फोटो, कागदपत्रं सगळं जातं. आधी प्रत काढून ठेवा. शिवाय काहीही न पुसता, पेनड्राइव्हवरूनच ते चालवून बघता येतं. आवाज, इंटरनेट, प्रिंटर तेव्हाच तपासून घ्या.

यात इंजिनीअरिंगची पदवी कुठेच लागली नाही. मी स्वतः कला शाखेची. लागला तो धीर आणि नीट बघायची सवय, आणि ती तर संसार करताना आपण रोजच वापरतो. ‘आपल्याला काय कळतंय त्यातलं?’ हे वाक्य आपण मुलींसमोर तरी उच्चारू नये. आई हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेली दिसली, तर लेक उद्या कुणाची वाट बघत बसणार नाही.