मार्चएंड आणि बेदाणा एकाच महिन्यात येतात

तासगाव तालुक्यात नोकरी करणाऱ्या कितीतरी घरांत ऑफिसच्या जोडीला रानही असतं. कुणाची स्वतःची द्राक्षबाग, कुणाची भावाभावांत सामाईक, कुणाची सासऱ्यांची. पगार ऑफिसातून येतो आणि कर्ज बागेवर असतं. शनिवार-रविवारी आराम करा, हा शहरातला सल्ला तुमच्या काय कामाचा? तुमचा रविवार औषध मारण्यात जातो. म्हणून तुमच्या घराला लागू पडेल तेवढंच सांगतो.

तुम्हाला सगळ्यात जड जातो तो मार्च. ऑफिसात मार्चएंड असतो. वसुली, टार्गेट, ताळेबंद, रात्री नऊपर्यंत थांबणं. त्याच दिवसांत इकडे माल उतरत असतो आणि शेडवर बेदाणा पडलेला असतो. आभाळ भरून आलं की ऑफिसातल्या खुर्चीत तुमचा जीव खालीवर होतो. मुलांच्या परीक्षाही तेव्हाच. मग साहेबांचा राग घरी येऊन बायकोवर निघतो आणि बागेची काळजी काउंटरवरच्या माणसावर.

या तिन्ही गोष्टी दरवर्षी ठरल्या वेळी येतात. तरी दरवर्षी त्यावरून घरात भांडण होतं, कारण आधी बसून कुणी काही ठरवलेलं नसतं.

म्हणून फळछाटणी उरकली, की एका संध्याकाळी घरातले सगळे एकत्र बसा. आईवडील, बायको, कळती मुलं, सगळे. छाटणीपासून चार-साडेचार महिन्यांनी माल येणार, हे तुम्हाला माहीतच आहे. भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा. माल कधी उतरेल, परीक्षा कधी, ऑफिसात गर्दी कधी, ते अंदाजाने लिहा. मग बघा, तुम्ही स्वतः रानात नसाल तर खरंच अडेल असे दिवस किती निघतात.

फार निघणार नाहीत. व्यापाऱ्याशी दर ठरवण्याचा दिवस, द्राक्षं रॅकवर टाकण्याचा दिवस, बाजार समितीत सौद्याचा दिवस. तेवढ्याच दिवसांच्या रजा राखून ठेवा. बाकीच्या दिवसांसाठी भरवशाचा माणूस लावा आणि त्याला नीट पैसे द्या. त्याचे पैसे वाचवायला जाता आणि दवाखान्यात घालवता, हे गावात पुष्कळ पाहिलंय. सगळीकडे मीच पाहिजे, हा हट्ट सोडा. भावाने केलेलं काम तुमच्यासारखं होणार नाही. होऊ दे.

साहेबांना मार्चमध्ये सांगू नका, डिसेंबरातच सांगा. तोंडी सांगा आणि अर्जही द्या. "अमुक आठवड्यात मला सहाला निघावं लागेल, माझ्याकडच्या फायली त्याआधी पुऱ्या करतो," असं सांगितलं तर बहुतेक साहेब ऐकतात. आयत्या वेळी "आई आजारी आहे" म्हणून फोन करू नका. खोटी रजा दोनदा चालते. तिसऱ्यांदा आई खरंच आजारी पडते आणि कुणी विश्वास ठेवत नाही.

आता हक्काचं. खासगी दुकानात किंवा ऑफिसात असाल तर महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांबाबतचा २०१७ चा कायदा माहीत करून घ्या. जिथे तो लागू आहे तिथे आठवड्याची सुट्टी, वर्षाला आठ किरकोळ रजा, वीस दिवस कामाला एक भरपगारी रजा आणि जादा कामाला दुप्पट मजुरी, असं त्यात आहे. दिवसाची नऊ तासांची मर्यादा दहापर्यंत नेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला. कायदा लहान आस्थापनांना आणि वरच्या पदांवरच्यांना सरसकट लागू नाही. म्हणून आधी चौकशी करा, मग बोला. पण रजा मागताना भीक मागितल्यासारखं उभं राहू नका. आठवड्याची सुट्टी कुणी खुशीने दिलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवार मिळाला तो नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं झगडले म्हणून. ते जोतिराव फुल्यांचे सहकारी, आणि फुल्यांचं मूळ गाव आपल्या शेजारच्या साताऱ्यातलं कटगुण.

मोबाईलचं मात्र तुमचं तुम्हालाच बघावं लागेल. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क असावा, असं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडलं होतं, पण तसा कायदा झालेला नाही. साहेबांना एवढंच सांगा, की आठनंतर ग्रुप बघत नाही, अडलं तर फोन करा. फोन आला तर उचला. फार थोडे येतील. जेवताना मोबाईल दुसऱ्या खोलीत राहू द्या. तुम्ही स्वतः साहेब असाल, तर रात्री दहाला सुचलेलं काम कागदावर लिहून ठेवा आणि सकाळी सांगा. तुमच्या एका मेसेजने चार घरांची झोप उडते.

आता घरातल्या नोकरी करणाऱ्या बाईबद्दल, कारण तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ती पाचला उठते. डबे करते. सांगलीची एसटी पकडते. ऑफिसात आठ तास काम करून संध्याकाळी परत भाकरीला लागते. सीझन असला की बागेतल्या माणसांचा चहाही तिच्याकडेच. तिला सरकारी नोकरी असेल तर घोटाळा आणखी वाढतो. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. शनिवार मोकळा आहे म्हणून घरातलं आठवड्याचं साठलेलं काम त्या दिवशी तिच्या अंगावर येतं. त्या सुट्टीच्या बदल्यात ती रोज ऑफिसात जास्त वेळ बसते, हे कुणी लक्षात घेत नाही.

सासूबाई, मामंजी, तुम्हालाही सांगतो. सीझनला स्वयंपाकाला बाई लावा. मुलग्यांना डबा भरायला, कुकर लावायला शिकवा. आणि नवऱ्याने संध्याकाळी घरी आल्यावर चहा मागण्याआधी, ती कधी आली, हे विचारावं.

अंगाची काळजी घ्या. पहाटे ब्लोअर चालवून, तीन तास झोप घेऊन मोटारसायकलवर सांगली-कुपवाड गाठू नका. त्या दिवशी एसटीने जा. औषध मारल्यावर साबणाने अंघोळ केल्याशिवाय डब्याला हात लावू नका. संध्याकाळी परतताना उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, कितीतरींना मागे दिवा नसतो. दहा मिनिटं उशिरा पोचा.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक अभ्यास जाहीर केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त असतो, असं त्यात निघालं. ऑफिसाचे आणि रानाचे तास एकदा वहीत मांडून बेरीज करा. काढणी झाली, की खरड छाटणीआधी वेलीला विसावा देता ना? तुमच्या शरीरालाही तेवढा द्या. चाळिशी ओलांडली असेल तर एप्रिलात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या.

झोप उडाली, जेवण जाईना, कुणाशी बोलावंसं वाटेना, असं पंधरा दिवस चाललं तर "कामाचा ताण आहे, जाईल" म्हणून बसू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीतही बोलता येतं. आणि घरच्यांनी अशा माणसाला "एवढ्याशा नोकरीचं काय रडतोस" असं म्हणू नये. फोन लागेपर्यंत त्याच्याजवळ बसावं.

शेवटी आनंदाचेही दिवस धरा. कॅलेंडरवर फक्त कामं लिहाल तर सगळं वर्ष कामातच जाईल. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, तासगावात गणपतीचा रथ निघतो. तेव्हा बागेतही मार्चसारखी घाई नसते. पुण्या-मुंबईला असलेल्या मुलांना आत्ताच कळवा, आणि तुमचाही त्या दिवसाच्या रजेचा अर्ज या आठवड्यात साहेबांच्या टेबलावर ठेवा.