नातवाला लस, आजीला का नाही?

कळंबच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नातवाला न्यूमोनियाची लस मोफत मिळते. २०२१ पासून ती राज्यभर नियमित लसीकरणात आहे. त्याला कडेवर घेऊन आलेल्या आजीला मात्र त्याच आजाराच्या लशीसाठी खासगी दवाखान्यात काही हजार रुपये मोजावे लागतात. फ्लूचा विषाणू सतत बदलतो, म्हणून फ्लूची लस तर दरवर्षी घ्यायची. ठाकूर-कातकरी वाड्यांत हे कोणाला परवडणार? १ मार्च २०२१ ला साठीपुढच्यांसाठी कोविड लसीकरण सुरू झाले, तेव्हा आशाताईंनीच घरोघरी समजूत घातली होती. माणसे आहेत, शीतपेट्याही आहेत. सरकारने वृद्धांनाही या लशी मोफत द्याव्यात; दमा आणि मधुमेह असलेल्यांपासून सुरुवात करावी, तीही पावसाळ्याआधी. तोवर शेतात विळा लागला, तर धनुर्वाताच्या लशीसाठी म्हाताऱ्यांना त्याच दिवशी केंद्रात न्या.