मामूंचा कागद आणि राजदूताचं काम

२ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं, तेव्हा माझे मामू सालमियातल्या एका कापडाच्या दुकानात नोकरीला होते. भिवंडीत आमच्या घरी फोन नव्हता. कुवेतच्या लाइनीही बंद पडल्या होत्या. नानी रोज असरच्या नमाजनंतर दाराशी बसायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, कुणाचा कोण आला का? आमच्या मोहल्ल्यातले, महापोलीचे, पडघ्याचे, इकडे महाड-श्रीवर्धनचे, खेड-चिपळूणचे कितीतरी लोक तिकडे होते. कोकणी मुसलमानाच्या घरात त्या वर्षी एकतर कुवेतची काळजी होती, नाहीतर शेजारच्या घरातल्या काळजीची काळजी.

मामू आले सप्टेंबरच्या शेवटी. अंगावरचे कपडे, एक रेक्झिनची बॅग आणि खिशात कुवेती दिनार, ज्यांना तेव्हा कुणी हात लावायला तयार नव्हतं. कुवेतहून बसरा, बसऱ्याहून बगदाद, तिथून वाळवंटातून जॉर्डनची सरहद्द, तंबूत अकरा दिवस, मग अम्मान आणि तिथून एअर इंडियाचं विमान. त्यांचा पासपोर्ट कफीलकडे होता आणि कफील पहिल्याच आठवड्यात सौदीत निघून गेला होता. पासपोर्ट नाही म्हणजे माणूस कोणत्या देशाचा हेच सांगता येत नाही. बसऱ्यात एका टेबलामागे बसलेल्या भारतीय अधिकाऱ्यानं त्यांना दहा-बारा प्रश्न विचारले, गाव, तालुका, बापाचं नाव, आणि शिक्का मारून एक कागद दिला. हा माणूस भारताचा नागरिक आहे, त्याला जाऊ द्यावं, एवढाच त्याचा मतलब. तो कागद मामूंनी मरेपर्यंत लोखंडी पेटीत जपला. त्या अधिकाऱ्याचं नाव त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

हे सांगायचं कारण, गेल्या काही महिन्यांत कुठला राजदूत कुणाला भेटला, कुणाशी हात मिळवला, कुणासोबत चहा प्यायला यावर आपल्याकडे बरीच गरमागरमी झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीत आले, देवबंदलाही गेले, आणि काबूलमधल्या आपल्या ‘तांत्रिक पथका’ला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्याचं भारतानं जाहीर केलं. काहींना याचा आनंद झाला, काहींना संताप. दोन्ही बाजूंना एक गोष्ट गृहीत आहे असं मला दिसतं: जिथं आपला राजदूत बसतो, तिथल्या राज्यकर्त्याला आपण शाबासकी देतो. मला हे पटत नाही. राजदूत हे सत्ताधाऱ्याच्या चारित्र्याचं सर्टिफिकेट नाही. तो आपल्या माणसांसाठी उघडी ठेवलेली खिडकी आहे, आणि लढाई लागलेल्या देशात तर सगळ्यात शेवटी बंद करायची ती हीच.

पुन्हा १९९० कडे येतो. कुवेत गिळल्यावर इराकनं तिथल्या परदेशी दूतावासांना २४ ऑगस्टपर्यंत गाशा गुंडाळायला सांगितलं. भारतानं आपलं काम बसऱ्याला हलवलं. त्याच महिन्यात परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले आणि सद्दामनं त्यांना मिठी मारल्याचा फोटो जगभर छापून आला. गुजरालांवर तेव्हा खूप टीका झाली, पुढेही होत राहिली. टीका करणाऱ्यांचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. एका छोट्या देशावर दिवसाढवळ्या दरोडा घातलेला माणूस तो. पण त्या वेळी कुवेतमध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अडकले होते. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या काळात एअर इंडियानं ४८८ फेऱ्यांत १,११,७११ माणसं मुंबईला आणली. बगदादशी बोलणंच तोडलं असतं, तर इराकच्या रस्त्यांवरून त्या बसेस सरहद्दीपर्यंत गेल्या असत्या का? माझ्या नानीला त्या मिठीचा फोटो दाखवला असता, तर तिनं काय म्हटलं असतं हे मला ठाऊक आहे.

‘एअरलिफ्ट’ पिक्चर २०१६ मध्ये आला तेव्हा भिवंडीतही चांगला चालला. त्यात एक व्यापारी सगळं करतो आणि सरकारी माणसं जवळपास गायब. परराष्ट्र खात्यानं त्यावर नाराजीही दाखवली. खरी गोष्ट मधली आहे. दूतावासानं आम्हाला वाऱ्यावर सोडलं, ही कुवेतमधल्या बऱ्याच भारतीयांची तक्रार होतीच. तिथल्या व्यापाऱ्यांनी समित्या केल्या, शाळांमध्ये छावण्या उघडल्या, हेही खरंच. पण पावणेदोन लाख माणसांना दोन देशांच्या सरहद्दी ओलांडून नेणं हे कुठल्याही शेठच्या खिशाचं काम नाही. शिक्का लागतो. शिक्का मारणारा माणूस जागेवर लागतो.

हा विचार काही दिल्लीच्या साउथ ब्लॉकमधून आलेला नाही. सीरत वाचणाऱ्याला हुदैबिया आठवेल. हिजरी सन ६, मक्केच्या वेशीवर रसूलुल्लाह (स.) आणि सोबतचे लोक उमऱ्यासाठी थांबलेले, आत दुश्मन. निरोप घेऊन कुणाला पाठवायचं? आधी हजरत उमर यांचं नाव निघालं. त्यांनी स्वतःच सांगितलं की मक्केत माझ्या कबिल्यातलं मला पनाह देणारं कुणी उरलेलं नाही, उस्मानना पाठवा, त्यांचे तिथे नातेसंबंध आहेत. सगळ्यात शूर नव्हे, तर समोरच्यांत ज्याची ओळख टिकून आहे असा माणूस गेला. कुरैशांनी त्यांना तवाफ करून घ्या म्हटलं. त्यांनी नकार दिला, मी एकटा करणार नाही. मग ते मारले गेल्याची अफवा उठली आणि एका झाडाखाली बैअत झाली, ती एका दूताच्या जिवासाठी. पुढे जो तह झाला तो हजरत उमरसारख्यांनाही मानहानीचा वाटला होता. मराठी इतिहासात याच माणसाला ‘वकील’ म्हणत. आज आपण तो शब्द कोर्टापुरता ठेवलाय, पण पेशव्यांच्या दिल्लीतल्या हिंगण्यांना वकीलच म्हटलं जाई, आणि दिल्ली कुणाच्याही ताब्यात असली तरी मराठ्यांचा वकील तिथं असावा लागे.

बंद खिडकीचं काय होतं, ते यमनमध्ये दिसलं. २६ मार्च २०१५ ला सौदी आघाडीचे हवाई हल्ले सुरू झाले. साना शहर हूतींच्या ताब्यात, आकाश सौदीच्या ताब्यात. भारताचं विमान उतरवायचं तर खालच्याचीही परवानगी हवी आणि वरच्याचीही. सौदीकडून दिवसातले काही तास मिळाले, त्या तासांत एअर इंडियानं सानाहून जिबुतीला फेऱ्या मारल्या, आणि एडन-होदैदाकडून नौदलाच्या जहाजांनी माणसं उचलली. सुमारे ४,६४० भारतीय आणि ४१ देशांचे ९६० नागरिक बाहेर आले. हे दोन्ही बाजूंशी बोलू शकणाऱ्या देशालाच जमतं. पण मोहीम संपली आणि सानातला दूतावास जिबुतीला गेला. काही भारतीय मात्र मागे राहिले.

त्यांच्यातलीच केरळची एक नर्स. खुनाच्या आरोपाखाली तिला सानाच्या कोर्टानं मृत्युदंड दिला. १६ जुलै २०२५ ही तारीख ठरली होती. तिथं आपला राजदूत नाही, हूतींशी औपचारिक संबंध नाहीत. अशा वेळी कोझिकोडचे वयोवृद्ध आलिम कांथापुरम ए. पी. अबूबक्कर मुसलियार यांनी यमनमधल्या सूफी आलिमांशी असलेली आपली ओळख वापरली, ते आलिम मयताच्या घरच्यांपर्यंत गेले, आणि फाशी पुढे ढकलली गेली. सरकारनंही आपल्या बाजूनं प्रयत्न केले होते. आपल्या लोकांना या बातमीचा अभिमान वाटला, मलाही वाटला. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. राजदूताची खुर्ची रिकामी होती म्हणून एका मौलानांना ती चालवावी लागली. आणि माफी द्यायची की नाही, दियत घ्यायची की नाही, हा हक्क मयताच्या वारसांचा आहे, त्यांच्यावर टीव्हीवरून दबाव आणून काम होत नाही. त्यासाठी त्याच शहरात, गाजावाजा न करता, महिनोन्‌महिने घरी जाऊन बसणारा माणूस लागतो.

उलट बाजूही सांगायला हवी. दूतावास उघडा ठेवा असं भिवंडीत बसून म्हणणं सोपं आहे. ७ जुलै २००८ ला काबूलमधल्या आपल्या दूतावासाच्या फाटकावर स्फोटकांनी भरलेली गाडी आदळली. राजनैतिक अधिकारी व्ही. व्यंकटेश्वर राव, ब्रिगेडियर रवी दत्त मेहता आणि पहाऱ्यावरचे जवान गेले, पण सगळ्यात जास्त मेले ते व्हिसाच्या रांगेत उभे असलेले, रस्त्यानं चाललेले साधे अफगाण. पुण्याच्या म्हात्रे पुलावरून रोज हजारो गाड्या जातात. ज्यांच्या नावानं तो पूल आहे ते रवींद्र म्हात्रे तर बर्मिंगहॅमसारख्या शांत शहरात होते, १९८४ मध्ये त्यांचं अपहरण करून खून झाला. म्हणून मी असं म्हणत नाही की बायकामुलांसह सगळ्यांना तिथं ठेवा. मोठी इमारत, झेंडा, पार्ट्या यांची गरज नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानमध्ये लढाई पेटली तेव्हा खार्तूममधली आपल्या दूतावासाची इमारत विमानतळाजवळच्या धोक्याच्या भागात सापडली होती. तरी राजदूत बी. एस. मुबारक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम चालू राहिलं, आणि पोर्ट सुदान-जेद्दा मार्गानं ३,८०० हून जास्त भारतीय परत आले. (मुबारक हे नाव वाचून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुलं आणि झेंडे उधळले गेले. ते सोडा, त्यांच्या जागी कुलकर्णी असते तरी खार्तूममधल्या माणसाला तेवढंच हायसं वाटलं असतं.) सीरियात इतकी वर्षं युद्ध चाललं, दमास्कसचा दूतावास आपण चालूच ठेवला.

तालिबानबद्दल माझं मत लपवायचं नाही. मुलींची शाळा बंद करणाऱ्या राजवटीला मी इस्लामी म्हणायला तयार नाही. दिल्लीत मुत्तकींच्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना बोलावलं नव्हतं, तेव्हा आपल्या भूमीवर हे कसं चालतं असं मीही विचारलं. पण काबूलमधला दूतावास उघडाच हवा. तिथल्या आजारी माणसाला इलाजासाठी इथं यायचंय, तिथल्या मुलीला इथं शिकायचंय, तिच्या अर्जावर सही करणारा कुणीतरी तिथं असायला नको का?

आता आपल्या घरातलं. राजदूत कितीही चांगला असला तरी ज्याचं नाव त्याला माहीत नाही त्याला तो कुठं शोधणार? दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर ईसीआरची अट असते, म्हणजे आखातात, इराक-लिबिया-यमनसारख्या देशांत कामाला जायला सरकारी परवानगी लागते. ती ई-मायग्रेटवरून मिळते, करार नोंदला जातो, विमा निघतो. हे टाळायला एजंट व्हिजिट व्हिसावर पाठवतात. आमच्याच गल्लीतला एक मुलगा तीन वर्षांपूर्वी असाच गेला. दीड लाख घेणारा एजंट नंतर फोन उचलेना. मुलाचं नाव ना करारात, ना दूतावासाच्या यादीत. दूतावासांकडे अडचणीतल्या भारतीयांसाठी २००९ पासून कल्याण निधी आहे, तक्रारीसाठी २०१५ पासून ‘मदद’ पोर्टल आहे, हे त्याच्या अब्बांना मी सांगितलं तेव्हा प्रथम कळलं. लग्नाच्या हॉलची चौकशी आपण चार ठिकाणी करतो. मुलगा परदेशी पाठवताना एजंटच्या टेबलावरचा चहा पिऊन उठतो.

रमजानच्या आधी मी आमच्या मशिदीच्या ट्रस्टींकडे गेलो होतो. कुवेत, रियाध, बगदाद, मस्कत, दोहा इथल्या भारतीय दूतावासांचे मदतीचे नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून नेले होते, म्हटलं बोर्डावर लावा. सेक्रेटरी साहेब म्हणाले, जुम्म्यानंतर बघू. दोन जुम्मे झाले. बोर्डावर नमाजच्या वेळा आहेत, मय्यत फंडाच्या वर्गणीची यादी आहे, एका हरवलेल्या चावीची सूचना आहे. खाली डाव्या कोपऱ्यात वीतभर जागा अजून रिकामी आहे.