पीयूसीत गाडी नापास झाली तर

गेल्या महिन्यात आमची गाडी पीयूसी चाचणीत नापास झाली. १९९९ सालची, सेकंडहँड घेतलेली कार्बोरेटरची पेट्रोल गाडी. तिला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के, मीटरने ५.४ दाखवले. तेवढ्यात तिथलाच एकजण हळूच म्हणाला, "पाचशे द्या, नळी न घालताच कागद देतो."

खरे सांगतो, आमचा हात खिशाकडे गेला होता. प्रमाणपत्र नसेल तर २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण आम्ही रोज सकाळी गल्लीत गाडी सुरू करतो, तेव्हा समोरच्या आजी नाकाला पदर लावतात. शेजारी ओट्यावर पोरे अभ्यासाला बसलेली असतात. विकतच्या कागदाने धूर थोडाच थांबणार? आम्ही गॅरेज गाठले.

मिस्त्री म्हणाले, "आधी स्वस्तातले बघू." एअर फिल्टर धुळीने गच्च भरला होता. चोकची वायर अडकल्याने चोक अर्धा ओढलेलाच राहिला होता. म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त. असे पेट्रोल अर्धवट जळते आणि हा विषारी वायू वाढतो. प्लगही काजळीने काळे झाले होते. फिल्टर नवा टाकला, चोक मोकळा केला, प्लग साफ करून गॅप बसवला. शेवटी मीटर लावून कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू जुळवला. खर्च हजाराच्या आत. पुन्हा चाचणी केली तेव्हा आकडा २.१ आला. आता पेट्रोलही कमी लागते.

आपल्यापैकी कुणाची गाडी नापास झाली, तर एवढे ध्यानात ठेवा. चाचणीला इंजिन चांगले तापल्यावरच जा. नापास झाल्यास आकड्यांचा कागद मागून घ्या. हायड्रोकार्बन जास्त असेल तर प्लग, त्यांच्या वायरी आणि टायमिंग तपासा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ते काम खर्चाचे, म्हणून आधी अंदाज विचारा आणि मगच इंजिन खोलू द्या.

आणि बंद जागेत इंजिन कधीही चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणसाला कळायच्या आत तो जीव घेतो.

जुन्या गाडीचे प्रमाणपत्र सहा महिनेच चालते. पुढची तारीख आम्ही घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.