हेल्परला 'थांबा' म्हणता येतं का?

२६ मे २०१६ रोजी डोंबिवली एमआयडीसीतल्या प्रोबेस एंटरप्रायझेस या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. १२ माणसं गेली, शंभराहून अधिक जखमी झाली. आठ वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस असताना, २३ मे २०२४ रोजी, त्याच एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. दहाहून अधिक माणसं दगावली. शेजारच्या कारखान्यांचीही मोडतोड झाली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. मानपाडा पोलिस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, मालकांना अटक झाली. काही मृतदेहांची ओळख पटवायला डीएनए चाचणी करावी लागली. सकाळी डबा घेऊन निघालेला माणूस घरच्यांना ओळखताही येऊ नये, अशी वेळ आली.

या दोन तारखांच्या दरम्यान आपल्याकडे मानवी हक्कांची कागदपत्रं मात्र वाढली. केंद्र सरकारने २०१९ मध्ये जबाबदार उद्योगवर्तनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतलं पाचवं तत्त्व मानवी हक्कांचंच आहे. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना याबाबतचा अहवाल सक्तीचा केला. त्यावरून काहीजण म्हणतात, 'कंपन्या आता जाग्या झाल्या आहेत. धोरणं आहेत, अहवाल आहेत, आणखी काय हवं?'

अहवाल हवेतच. त्यामुळे मोठ्या कंपनीला निदान प्रश्न तरी विचारता येतो. पण डोंबिवलीतल्या बहुतेक लहान-मध्यम कारखान्यांचा शेअर बाजाराशी संबंध नाही, तिथवर सेबीचा अहवाल पोचत नाही. आणि जिथे धोरण भिंतीवर लावलेलं असतं, तिथेही प्रश्न उरतोच. एका कारखान्यात मी दोनशे लिटरचा निळा ड्रम पाहिला. त्यावरचं इंग्रजी लेबल अर्धं सोलवटलेलं, धोक्याचं चिन्ह तेलाने काळवंडलेलं. तो रिकामा करणाऱ्या हेल्परला विचारलं, यात काय आहे? तो म्हणाला, "निळ्या ड्रमचा माल." हातमोज्याच्या दोन बोटांना भोकं होती. त्या माणसापुरतं कंपनीचं मानवी हक्कांचं धोरण त्या दोन भोकांएवढंच होतं.

दुसरा बचाव ठरलेला असतो: 'तो आमचा नाही, ठेकेदाराचा माणूस आहे.' कायद्यात या बचावाला जागा नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने ठेकेदारामार्फत आलेल्या माणसालाही कामगारच मानलं. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली. हजेरी कोणाच्या वहीत लागते, हे वाफेला आणि आगीला कळत नाही. ज्याच्या आवारात धोका, त्याचीच जबाबदारी.

तिसरा मुद्दा पोटापाण्याचा आहे, म्हणून तो गंभीरपणे घ्यायला हवा. 'फार कडक केलंत तर कारखाने गुजरातला जातील, इथल्या पोरांनी काय करायचं?' ही भीती खोटी नाही, तिच्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. स्फोटाने कारखाना बंद पडतो तेव्हाही रोजगार जातो, शिवाय कमावता माणूसही जातो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्यानंतरही मुंबईच्या गिरण्या अनेक दशकं चालल्या. माणसाला माणूस मानल्याने धंदा बुडत नाही.

'धोकादायक कारखाने इथून हलवा,' ही मागणी डोंबिवलीकरांच्या वेदनेतून आली आहे आणि वस्तीला चिकटलेल्या धोक्यावर उपाय व्हायलाच हवा. पण कारखाना तीच पद्धत आणि तेच फाटके हातमोजे घेऊन गेला, तर मृत्यूचा फक्त पत्ता बदलेल.

मग कंपनीने काय करायचं? उत्तर भोपाळनंतरच लिहून झालं आहे. १९८४ च्या त्या वायुकांडानंतर, १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी नवं प्रकरण आलं. त्याने मालकाला कामगारांना धोक्याची माहिती देणं बंधनकारक केलं, सुरक्षा समितीत कामगारांना स्थान दिलं, आणि जिवावरचा धोका दिसला तर तो मालकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेतही धोका कळवण्याचा हा हक्क आहे. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सुरक्षित कामाची जागा हा कामगाराचा मूलभूत हक्क ठरवला. जिवाला गंभीर धोका दिसल्यावर मागे सरणाऱ्या कामगारावर कारवाई होऊ नये, असं तिचा १९८१ चा करार सांगतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ड्रममध्ये काय आहे ते मराठीत आणि हिंदीत, हेल्परला कळेल अशा शब्दांत, पाळी सुरू होण्याआधी सांगा. आत कोण कोण आहे याची यादी, ठेकेदाराच्या माणसांसकट, गेटवर ठेवा. म्हणजे निदान कोणाला शोधायचं हे तरी कळेल. सुरक्षा समितीत कंत्राटी कामगाराला खुर्ची द्या. आणि दाब वाढलाय, वास येतोय, म्हणून जो मागे सरेल त्याचा त्या दिवसाचा रोज कापू नका, दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरून परत पाठवू नका.

भूक आणि भीती यांच्यामध्ये उभा असलेला माणूस धोका दिसूनही गप्प बसतो. त्याची ती भीती घालवणं कंपनीच्याच हातात आहे आणि हक्कांच्या रक्षणाची सुरुवात तिथूनच होते. ज्या कारखान्यात सर्वांत नव्या हेल्परच्या 'थांबा' या शब्दावर काम थांबतं, त्याच कारखान्याने आपण मानवी हक्क पाळतो असं म्हणावं.